‘शहापूर आणि मुरबाड’ म्हणजे किती?

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका सरकारी कचेरीत काही कामानिमित्त बसलो होतो. गावोगावच्या तक्रारी तेथे संगणकावर नोंदवल्या जात. समोरच्या कारकुनाला वरिष्ठांचा दूरध्वनी आला, ‘शहापूर आणि मुरबाडच्या पाण्याच्या तक्रारी काढून ठेवा.’ त्याने पडद्यावरच्या चौकटीत तालुका शहापूर, आणि, तालुका मुरबाड असे भरले व बटण दाबले. उत्तर आले शून्य. त्याने पुन्हा दाबले, पुन्हा शून्य. माझ्याकडे वळून तो म्हणाला, ‘गुरुजी, दोन्ही तालुक्यांत मिळून एकही तक्रार नाही!’ खिडकीबाहेर पाण्याच्या टँकरचीच चौकशी करायला आलेली माणसे उभी होती, म्हणून त्याला स्वतःलाही हसू आले.

संगणक बिघडलेला नव्हता. त्याला जे विचारले होते त्याचे त्याने अगदी बरोबर उत्तर दिले होते. ज्या तक्रारीचा तालुका शहापूर आहे आणि त्याच तक्रारीचा तालुका मुरबाडही आहे, अशी तक्रार त्याने शोधली. अशी तक्रार कोठून असणार? आपण बोलताना ‘शहापूर आणि मुरबाडच्या तक्रारी’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात दोन ढीग असतात आणि ते एकत्र करायचे असतात. संगणक ढिगांचा विचार करत नाही. तो एकेक तक्रार हातात घेतो आणि तिला विचारतो, ‘तू अटीत बसतेस का?’ एका तक्रारीकडे पाहून प्रश्न विचारायचा असेल तर तो ‘तू शहापूरची आहेस किंवा मुरबाडची आहेस?’ असाच विचारावा लागतो. बोलण्यातला ‘आणि’ येथे ‘किंवा’ होतो. या एका शब्दात तर्कशास्त्राचा एक मोठा धडा आहे, आणि तो आठवीच्या वर्गात जुन्या लग्नपत्रिका व सायकलच्या तारेच्या साहाय्याने शिकवता येतो. तो कसा, हे या लेखात पाहू या.

तक्रारवही आणि चाळणी

तक्रारींची नोंद ठेवणाऱ्या संगणक-प्रणाली मुळात संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केल्या. कार्यक्रमात चूक सापडली की तिला क्रमांक द्यायचा, कोठे सापडली, कोणाकडे सोपवली, दुरुस्त झाली की नाही, हे लिहायचे. मोझिला या प्रकल्पाने १९९८ साली ‘बगझिला’ नावाची अशी एक वही सर्वांसाठी खुली केली. कार्यक्रमातील चुकीला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची त्या मंडळींची पद्धत, त्यावरून हे नाव. पुढे २००२ साली ऑस्ट्रेलियातील एका कंपनीने ‘जिरा’ ही प्रणाली आणली. आपल्या फोडणीतल्या जिऱ्याशी तिचा काही संबंध नाही. जपानी चित्रपटातल्या ‘गोजिरा’ या राक्षसी प्राण्याच्या नावाचे ते शेपूट आहे. आज अशा वह्या कारखान्यांत, रुग्णालयांत, पाणीपुरवठ्याच्या कामात, सगळीकडे वापरतात. महाराष्ट्र सरकारचे ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळही २०१५ पासून नागरिकांच्या तक्रारी घेते. वही कोणतीही असो, तिचा सांगाडा सारखाच असतो: प्रत्येक तक्रारीची एक नोंद आणि प्रत्येक नोंदीचे ठरावीक रकाने.

हजारो नोंदींतून हव्या तेवढ्याच काढायच्या तर अट घालावी लागते. या अटीला फिल्टर म्हणतात. आपण तिला चाळणी म्हणू. तीच अट रोज सकाळी पुन्हा पुन्हा भरायचा कंटाळा येतो, म्हणून तिला नाव देऊन ती साठवून ठेवण्याची सोय असते. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. साठवलेली असते ती चाळणी, चाळलेले धान्य नव्हे. आज ‘पाणी’ नावाची चाळणी लावली तर आजच्या पाण्याच्या तक्रारी मिळतील, पंधरा दिवसांनी लावली तर त्या वेळच्या. प्रश्न तोच राहतो, उत्तर बदलत जाते. छापून भिंतीवर लावलेली यादी मात्र दुसऱ्याच दिवशी शिळी होते.

आता या चाळण्या एकमेकींना जोडता आल्या तर? भातगिरणीत एका चाळणीखाली दुसरी लावलेली असते. जो दाणा दोन्हींतून उतरेल तोच खालच्या पोत्यात पडतो. हा झाला ‘आणि’. दोन चाळण्या शेजारी शेजारी ठेवल्या व दोन्हींखालचे धान्य एकाच पोत्यात घेतले तर तो ‘किंवा’. चाळणीवर अडून राहते तो ‘नाही’. या तीन क्रियांवर सगळा डोलारा उभा आहे.

हे प्रत्यक्ष करून पाहण्यासाठी आपण बारा तक्रारींची एक छोटी वही तयार करू. तिच्यातली गावे शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली खरी आहेत, तक्रारी मात्र मी वर्गासाठी रचलेल्या आहेत. त्यांवरून कोणी त्या गावांबद्दल मत बनवू नये. ‘जुनी’ म्हणजे महिन्याहून जुनी, ‘उघडी’ म्हणजे अजून न सुटलेली.

१. डोळखांब, शहापूर, हातपंप, उघडी, जुनी
२. किन्हवली, शहापूर, शाळेचे छप्पर, उघडी, नवी
३. टोकावडे, मुरबाड, हातपंप, उघडी, नवी
४. धसई, मुरबाड, टँकर, मिटली, जुनी
५. खर्डी, शहापूर, टँकर, उघडी, नवी
६. म्हसा, मुरबाड, शाळेचे छप्पर, उघडी, जुनी
७. एक पाडा, तालुक्याचा रकाना कोरा, हातपंप, उघडी, जुनी
८. कसारा, शहापूर, हातपंप, मिटली, जुनी
९. सरळगाव, मुरबाड, टँकर, उघडी, जुनी
१०. वासिंद, शहापूर, रस्त्यावरचा दिवा, उघडी, जुनी
११. शेणवे, शहापूर, टँकर, उघडी, जुनी
१२. शिवळे, मुरबाड, हातपंप, मिटली, नवी

पाण्याच्याच तक्रारी इतक्या का, असे दुसऱ्या जिल्ह्यातला वाचक विचारील. या दोन तालुक्यांत पाऊस भरपूर पडतो, दोन हजार मिलिमीटरच्या पुढे. पण खाली काळा कातळ आणि वर उतार. त्यामुळे पाणी मुरत नाही, वाहून जाते. ते अडवले जाते ते मोठ्या धरणांत. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा आणि त्यानंतर नव्वद-एक वर्षांनी आलेले भातसा, ही दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून जो साठा होतो त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बहुतेक उन्हाळ्यांत टँकर लागतो. जलवाहिनीच्या कडेने हंडा घेऊन जाणारी मुले आपल्याच वर्गात बसतात, तेव्हा त्यांना हे उदाहरण परके वाटणार नाही.

हातपंपाबद्दलही एक गोष्ट सांगून टाकतो. देशभर दिसणारा ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप १९७०च्या दशकात तयार झाला, तो सोलापूरच्या पंपावरून. आणि सोलापूरच्या पंपाआधी जालन्याचा पंप होता. म्हणजे जगातल्या कितीतरी देशांत गेलेल्या या यंत्राचे माहेर महाराष्ट्रातले. असो.

लग्नपत्रिका आणि सायकलची तार

जाड कागदाच्या बारा जुन्या लग्नपत्रिका घ्या व त्या एकाच मापाच्या कापा. वरच्या कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर खाली एका ओळीत सहा भोके पाडा. पहिले कार्ड नीट आखून घ्यावे आणि तेच नमुना म्हणून वर ठेवून बाकीची तीन-तीन, चार-चार एकत्र पंच करावीत. भोके एका रेषेत आली नाहीत तर पुढचा सगळा खेळ फसतो, म्हणून येथे घाई नको. प्रत्येक कार्डाचा उजवा वरचा कोपरा तिरपा कापून टाका, म्हणजे एखादे कार्ड उलटे लागले तर लगेच कळेल.

भोक १ म्हणजे शहापूर, २ मुरबाड, ३ हातपंप, ४ टँकर, ५ मिटली, ६ जुनी. आता कार्डावर तक्रार लिहून, जी गोष्ट तिला लागू आहे त्या भोकापासून वरच्या कडेपर्यंत कात्रीने खाच पाडायची. पहिल्या कार्डाला १, ३ आणि ६ या ठिकाणी खाचा येतील. किन्हवलीच्या छपराला फक्त १ या ठिकाणी. पाड्याच्या सातव्या कार्डाला ३ आणि ६.

सगळी कार्डे एकत्र धरून ३ क्रमांकाच्या भोकांतून सायकलच्या चाकाची जुनी तार किंवा विणकामाची सुई घाला, उचला आणि हलकेच झटका. ज्यांना तेथे खाच आहे ती कार्डे खाली पडतील: १, ३, ७, ८, १२. बाकीची सात तारेवर लटकत राहतील. कार्डे कितीही पिसलेली असोत, उत्तर तेच. पहिल्यांदा हे पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो पाहण्यासारखा असतो. हे माझ्या डोक्यातून आलेले नाही. संगणक सर्रास मिळू लागण्यापूर्वी, विसाव्या शतकाच्या मध्याला, ग्रंथालयांत आणि प्रयोगशाळांत अशी कडेला खाचा पाडलेली कार्डे खरोखर वापरात होती.

आता ‘आणि’. हातपंपाच्या आणि महिन्याहून जुन्या अशा तक्रारी हव्या असतील तर पडलेली पाच कार्डे पुन्हा जुळवून ६ मधून तार घाला. १, ७ आणि ८ पडतील. याहून गंमत म्हणजे दोन तारा एकाच वेळी, ३ आणि ६ या दोन्ही भोकांतून घालून उचलून पाहा. एका जरी तारेने अडवले तरी कार्ड लटकते. दोन्हीकडे खाच असेल तरच पडते. पुन्हा १, ७, ८. आधी कोणती अट लावली याने फरक पडत नाही, हे मुलांना न सांगता कळते.

‘किंवा’ला मात्र दोन फेऱ्या लागतात. ३ मधून तार घालून पडलेली कार्डे बाजूला ठेवायची, लटकलेल्यांतून ४ वर तार घालायची आणि दोन्ही ढीग एकत्र करायचे. हातपंपाच्या पाच आणि टँकरच्या चार, मिळून नऊ. येथे बेरीज सरळ आली, कारण एकाही कार्डाला दोन्ही खाचा नाहीत. पण ‘हातपंप किंवा जुनी’ असे काढा. हातपंप ५, जुन्या ८. बेरीज १३ येते आणि कार्डे तर बाराच! तीन कार्डे दोनदा मोजली गेली. १३ वजा ३ म्हणजे १०, हे खरे उत्तर. संचांचा धडा शिकवताना फळ्यावर जे सूत्र लिहितो ते येथे हाताला लागते.

ज्या मुलांना विजेचे मंडल शिकवून झाले आहे त्यांना आणखी एक दुवा दाखवता येईल. दोन बटणे एकसरीत असली तर दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही, हा ‘आणि’. समांतर असली तर कोणतेही एक पुरते, हा ‘किंवा’. क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याने १९३७ साली आपल्या पदव्युत्तर प्रबंधात हे साम्य पद्धतशीर मांडले आणि संगणकाच्या मंडलांचा पाया घातला गेला. त्याने वापरलेले बीजगणित जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाचे, १८४७ आणि १८५४ सालच्या त्याच्या पुस्तकांतले. बूलची पत्नी मेरी हीसुद्धा गणित शिकवण्यावर लिहिणारी विदुषी होती. भारताचे सर्व्हेअर जनरल राहिलेले आणि शिखरामुळे सर्वांना ठाऊक झालेले जॉर्ज एव्हरेस्ट हे तिचे काका.

नाव म्हणजेच कंस

आता मूळ कामाकडे येऊ. कारकुनाला रोज लागणाऱ्या दोन चाळण्या त्याने साठवल्या आहेत असे समजा. पहिली ‘पाणी’: हातपंप किंवा टँकर. दुसरी ‘अडकलेल्या’: मिटलेल्या नाहीत आणि जुन्या आहेत. पहिलीतून १, ३, ४, ५, ७, ८, ९, ११, १२ या नऊ तक्रारी मिळतात. दुसरीतून १, ६, ७, ९, १०, ११ या सहा. साहेबांना हव्या आहेत त्या पाण्याच्या अडकलेल्या तक्रारी. जिरासारख्या प्रणालीत २००९ पासून प्रश्न वाक्यासारखा लिहिता येतो आणि त्यात साठवलेल्या चाळणीचे नावही घालता येते. तेव्हा नवा प्रश्न एवढाच: चाळणी ‘पाणी’ आणि चाळणी ‘अडकलेल्या’. उत्तर १, ७, ९, ११. चार तक्रारी.

एखादा म्हणेल, नावांची भानगड कशाला? सरळ सगळ्या अटी एका ओळीत लिहू: हातपंप किंवा टँकर आणि उघडी आणि जुनी. लिहून पाहा. चारच्या ऐवजी सात तक्रारी येतात: १, ३, ७, ८, ९, ११, १२. कसाऱ्याचा दुरुस्त झालेला पंप आला, शिवळ्याचाही आला, टोकावड्याची नवी तक्रारही आली. असे का झाले? आपण गणितात २ + ३ × ४ हे २० न धरता १४ धरतो, कारण गुणाकार आधी. या प्रणालींतही ‘आणि’ आधी आणि ‘किंवा’ नंतर असा संकेत आहे. त्यामुळे टँकर, उघडी, जुनी या तीन अटी एकमेकींना चिकटल्या आणि हातपंप बिनशर्त मोकळा सुटला. जे होते नव्हते ते सगळे हातपंप आत आले.

यावर उपाय कंस. (हातपंप किंवा टँकर) आणि उघडी आणि जुनी असे लिहिले की चारच तक्रारी येतात. पण साठवलेल्या चाळणीला वेगळा कंस घालावा लागत नाही. ती आधी स्वतःपुरता निकाल लावते आणि मगच दुसरीला भेटते. नाव दिले की कंस आपोआप पडला. माझ्या मते साठवलेल्या चाळण्या जोडण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे, वेळ वाचणे हा दुय्यम. माणसाला तीन-चार कंस एकात एक वाचता येत नाहीत. ‘पाणी’ हा शब्द वाचता येतो.

दुसरा फायदा दुरुस्तीचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. पंधरा तालुक्यांपैकी आठ तिकडे गेले, सात राहिले. ‘जिल्ह्यातले तालुके’ अशी एकच चाळणी करून ती वीस ठिकाणी वापरली असेल, तर तिच्यातून जव्हार, मोखाडा, वाडा वगैरे नावे एकदा काढली की काम झाले. तालुक्यांची यादी वीस ठिकाणी उतरवून घेतलेली असेल, तर वीस ठिकाणी काढायची, आणि एकविसावे विसरायचे.

पण हीच सोय उलटतेही. पाऊस सुरू झाला, टँकर बंद झाले, म्हणून कोणी तरी ‘पाणी’ या चाळणीतून टँकर काढून टाकला. त्याला त्याच्या यादीत तो नको होता, एवढेच. तिकडे साहेबांच्या अहवालात पाण्याच्या अडकलेल्या तक्रारी चारवरून दोनवर आल्या: १ आणि ७ उरल्या. पंपाचा एक खिळा कोणी बदललेला नाही, आणि अहवाल म्हणतो की काम निम्मे झाले. चाळणीवर चाळणी रचताना खालची कोण हलवू शकतो, हे ठाऊक असले पाहिजे. म्हणून सर्वांनी वापरायच्या चाळणीवर एका माणसाचीच मालकी ठेवावी. इतरांना ती वापरता येईल, पण बदलता येणार नाही. स्वतःला वेगळे काही हवे असेल तर तिच्या शेजारी दुसरी करावी.

आणखी एक छोटी अडचण: ‘क’ चाळणीत ‘ख’चे नाव आणि ‘ख’मध्ये ‘क’चे. शब्दकोशात ‘सलिल’ पाहावा तर ‘जल पाहा’ आणि ‘जल’ पाहावा तर ‘सलिल पाहा’, तसे हे होते. जिरा असा प्रश्न चालवायलाच नकार देते.

नकाराचे दुखणे

‘आणि’, ‘किंवा’ यांच्यापेक्षा ‘नाही’ अधिक फसवे आहे. कारकुनाला वाटले, यादीतून दुरुस्त झालेले हातपंप वगळावेत. त्याने लिहिले: हातपंप नको आणि मिटलेल्या नकोत. बारापैकी सहाच उरल्या. डोळखांब, टोकावडे आणि पाडा येथले बंद पडलेले पंपही गेले! कार्डांवर पाहिले तर चूक लगेच दिसते. ३ आणि ५ मधून दोन तारा एकदम घाला. पडतात फक्त ८ आणि १२, म्हणजे मिटलेले हातपंप. ते बाजूला ठेवायचे. तारांवर राहिलेली दहा हवी होती. ती दहा का राहिली? एका तरी तारेने अडवले म्हणून. म्हणजेच ती हातपंपाची नाहीत किंवा मिटलेली नाहीत. ‘दोन्ही एकत्र नाही’ याचा अर्थ ‘हे नाही किंवा ते नाही’. नकार कंसात शिरला की ‘आणि’चा ‘किंवा’ होतो, आणि उलटही. हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो ऑगस्टस द मॉर्गन १८०६ साली मदुराईला जन्मला होता. तान्हा असतानाच तो इंग्लंडला गेला. दिल्लीचे गणितशिक्षक रामचंद्र यांचे पुस्तक १८५९ साली लंडनमध्ये छापले जावे म्हणून पुढे त्यानेच खटपट केली.

आता सातव्या कार्डाकडे येऊ. मुलांना दोन प्रश्न विचारा. पाण्याच्या अडकलेल्या तक्रारी किती? चार. त्यांतल्या शहापूरच्या किती? दोन, १ आणि ११. मुरबाडच्या? एक, ९ क्रमांकाची. दोन आणि एक तीन. मग चौथी कोठे गेली? ती पाड्याची. वहीतल्या गावांच्या यादीत त्या पाड्याचे नाव नव्हते, कारण यादी महसुली गावांची आणि पाडा गावापासून तीन किलोमीटर आत. म्हणून नोंदवणाऱ्याने रकाना कोरा सोडला. शहापूरच्या माणसाने आपली यादी संपवली, मुरबाडच्या माणसाने आपली, दोघांनीही काम चोख केले. पाड्यावरचा पंप बंदच.

यावर हुशार विद्यार्थी म्हणतो, एकाने ‘शहापूर’ बघावे, दुसऱ्याने ‘शहापूर नाही’ असे बघावे. मग काही सुटणार नाही. कार्डांच्या बाबतीत तो अगदी बरोबर आहे. १ मधून तार घाला: सहा पडतात, सहा राहतात, आणि राहिलेल्यांत सातवे कार्ड आहे. कार्ड एक तर पडते किंवा लटकते, तिसरी गत नाही. संगणकाच्या वहीत मात्र तिसरी गत आहे. ‘तालुका शहापूर’ विचारले तर सहा मिळतात. ‘तालुका शहापूर नसलेल्या’ विचारले तर जिरासारख्या प्रणालीत पाचच. सहा आणि पाच अकरा! कोऱ्या रकान्याबद्दल प्रणालीचे म्हणणे असे की, याचा तालुका मला माहीत नाही, तेव्हा तो शहापूर आहे असेही मी म्हणणार नाही आणि नाही असेही म्हणणार नाही. माहितीसाठे हाताळणाऱ्या बहुतेक प्रणाली हीच रीत पाळतात. तर्क म्हणून ती प्रामाणिक आहे. पण ‘नाही’ची चाळणी लावणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर कोऱ्या रकान्याची तक्रार दोन्ही बाजूंनी गळते, आणि गळली हे कोणाला दिसतही नाही. यादीत असलेली चूक डोळ्यांना दिसते. यादीत नसलेली नोंद कशी दिसणार?

उपाय सोपा आहे. ‘तालुका कोरा’ अशी तिसरी चाळणी करून साठवावी आणि ‘शहापूर नाही’ला ती ‘किंवा’ने जोडावी. आणि ताळा करावा: भागांची बेरीज एकूण संख्येइतकी येते का? सहा, पाच आणि एक, बारा. हिशेबाच्या वहीला जो ताळा लागतो तोच चाळण्यांनाही लावला पाहिजे. ज्या कचेरीत हा ताळा रोज होतो तेथे पाड्यांची नावे यादीत हळूहळू यायलाही लागतात, कारण तिसऱ्या चाळणीत रोज तीच तीच नोंद कोणाच्या तरी डोळ्यांपुढे येते.

वर्गात हा खेळ झाल्यावर मुलांनी आपापली कार्डे करावीत: शाळेच्या आवारातली झाडे, ग्रंथालयातली पुस्तके, गावातल्या विहिरी. विहिरींची केलीत तर ‘पाणी मेपर्यंत टिकते का’ याला एक भोक ठेवा आणि ‘माहीत नाही’ याला दुसरे. हे दुसरे भोक ठेवायचे की नाही यावर मुलांत वाद होतो, तो होऊ द्यावा.

बोलण्यातल्या शब्दांचाही एक तास घेता येईल. ‘चहा किंवा कॉफी’ म्हणणारा यजमान दोन्ही देत नाही. ‘दहावी किंवा बारावी उत्तीर्ण’ अशी जाहिरात मात्र दोन्ही झालेल्याला परत पाठवत नाही. ‘शिक्षक आणि पालक यांची सभा’ म्हटले तर जो शिक्षकही आहे आणि पालकही आहे त्यानेच यायचे असा अर्थ कोणी घेत नाही. अशी वाक्ये मुलांनी वर्तमानपत्रांतून आणि गावातल्या फलकांवरून गोळा करावीत आणि प्रत्येकासाठी तारा कशा घालायच्या ते ठरवावे.

शेवटी एक प्रश्न, त्याच कारकुनाच्या प्रश्नातून निघालेला. ‘तालुका शहापूर आणि तालुका मुरबाड’ याचे उत्तर आपल्या बारा कार्डांत शून्य आले. कार्डांच्या संचात ते शून्य येणार नाही असे कधी घडेल? एका मुलीने याचे उत्तर असे दिले: दोन तालुक्यांच्या सीमेवर पाडा आहे, शहापूरचे म्हणतात मुरबाडला जा, मुरबाडचे म्हणतात शहापूरला जा, तेव्हा त्या पाड्याने आपल्या कार्डावर दोन्ही खाचा पाडून घेतल्या. दोन तारा घातल्या की तेवढे एकच कार्ड खाली पडेल. मात्र वहीच्या तालुक्याच्या रकान्यात एकच नाव लिहिता येत असेल, तर हे कार्ड वहीत कसे उतरवायचे, ते वाचकांनी आपल्या वर्गाला विचारून पाहावे.